प्रमाणपत्र-परीक्षा आणि भाषाज्ञान : जावा भाषेच्या व्यावसायिक परीक्षेचे विवेचन

१. प्रास्ताविक

भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने संगणकाच्या एखाद्या भाषेची व्यावसायिक परीक्षा द्यावी काय, आणि ती दिल्यास तिच्यामुळे त्याच्या नेमक्या कोणत्या ज्ञानाची ग्वाही मिळते, हा प्रश्न अलीकडे आपल्या विभागात वारंवार विचारला जातो. रूपविश्लेषण, कोशरचना, उताऱ्यांचे संकलन व त्यांतील शब्दांची गणना ह्या कामांसाठी आज्ञावली लिहिता येणे आता आवश्यक झाले आहे. त्यामुळे नोकरीच्या अर्जास असे एखादे प्रमाणपत्र जोडता यावे, अशी विद्यार्थ्याची इच्छा असणे स्वाभाविक आहे.

ह्या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले गेले ते एका अप्रिय प्रसंगामुळे. विभागातून उत्तीर्ण झालेल्या एका विद्यार्थ्यास त्याने, फारसा विचार न करता, ‘एखादे प्रमाणपत्र मिळवून ठेव’ असा सल्ला दिला होता. विद्यार्थ्याने तो मानला. कोठून तरी मिळालेला प्रश्नोत्तरांचा संच तीन आठवडे पाठ केला आणि तो चांगल्या गुणांनी उत्तीर्णही झाला. पुढे एका मुलाखतीत त्याला दहा ओळींची आज्ञावली दाखवून ‘हिचे उत्तर असे का येते?’ एवढेच विचारण्यात आले. उत्तर त्याला ठाऊक होते. कारण सांगता आले नाही. ही हकीकत त्याने स्वतःच येऊन सांगितली, तेव्हा दोष केवळ त्याचा नाही हे उघड होते. ज्या परीक्षेविषयी आपणांस काहीच माहिती नाही तिचा सल्ला देण्याचा शिक्षकास अधिकार नाही, असे वाटून प्रस्तुत लेखकाने ती परीक्षा स्वतः देण्याचे ठरविले. पुढील विवेचन त्या अभ्यासावर आधारलेले आहे.

अशा परीक्षा अनेक आहेत. येथे जावा ह्या एकाच भाषेच्या परीक्षेचा विचार केला आहे, कारण ती भाषेचीच परीक्षा आहे. विशिष्ट कंपनीची यंत्रसामग्री वा सेवा हाताळण्याचे कौशल्य जोखणाऱ्या परीक्षा वेगळ्या प्रकारच्या असून त्यांचा येथे विचार केलेला नाही.

२. पूर्वपीठिका

आज्ञावलीकारांची परीक्षा घेऊन त्यांस प्रमाणपत्र द्यावे ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत ‘सर्टिफिकेट इन डेटा प्रोसेसिंग’ ही परीक्षा १९६२ साली सुरू झाली. पुढे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सर्टिफिकेशन ऑफ कंप्युटिंग प्रोफेशनल्स’ ह्या संस्थेने ती आपल्याकडे घेतली. ह्या परीक्षेमागे व्यवसायसंघाची दृष्टी होती. हिशेबनीसांस वा वैद्यांस जसा व्यवसायाचा दर्जा आहे तसा आपणांसही लाभावा, हा तिचा हेतू होता.

व्यवसायाचा दर्जा म्हणजे अखेरीस परवाना. त्या दिशेनेही प्रयत्न झाले. १९९८ साली टेक्सास राज्याने सॉफ्टवेअर-अभियांत्रिकी ही परवानायोग्य शाखा मानली. परंतु ‘असोसिएशन फॉर कंप्युटिंग मशिनरी’ ह्या संगणकशास्त्रज्ञांच्या संघाने १९९९ मध्ये अशा परवान्यास विरोध नोंदविला. ह्या क्षेत्रातील ज्ञान अद्याप इतके स्थिर झालेले नाही की परवान्याच्या बळावर लोकांस सुरक्षिततेची हमी देता यावी, असा त्या विरोधाचा आशय होता. पुढे २०१३ पासून अमेरिकेत सॉफ्टवेअर-अभियंत्यांसाठी परवाना-परीक्षा घेतली जाऊ लागली. पण ती पाच वेळा होऊन तिला एकंदर ८१ उमेदवार बसले, आणि २०१९ च्या एप्रिलनंतर ती बंद करण्यात आली. ज्या व्यवसायात लक्षावधी माणसे काम करतात त्यातील परवान्याची परीक्षा ८१ जणांनी द्यावी, ह्यातच पुष्कळ अर्थ आहे.

आपल्याकडे शासकीय पातळीवर झालेला प्रयत्न निराळ्या स्वरूपाचा आहे. केंद्र शासनाचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग व कंप्युटर सोसायटी ऑफ इंडिया ह्यांच्या सहकार्याने १९९० साली ‘डोएक’ योजना सुरू झाली आणि तिच्यात ओ, ए, बी व सी अशा चार चढत्या पातळ्या ठेवण्यात आल्या. ती चालविणाऱ्या संस्थेस २०११ पासून ‘नाइलिट’ हे नाव आहे. ह्या योजनेचा भर एका भाषेवर नसून संपूर्ण अभ्यासक्रमावर आहे.

परवान्याचा मार्ग खुंटला आणि शासकीय परीक्षा अभ्यासक्रमाशी बांधलेली राहिली. मधली जागा भाषा व साधने निर्माण करणाऱ्या कंपन्यांनी व्यापली. जावा ही भाषा जेम्स गॉसलिंग व त्यांचे सहकारी ह्यांनी सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कंपनीत तयार केली व १९९५ साली ती जगापुढे आली. तिची परीक्षा प्रथम त्याच कंपनीने घेतली. २०१० मध्ये ओरॅकल कंपनीने सन विकत घेतली, तेव्हापासून भाषेबरोबर परीक्षाही ओरॅकलकडे आली. भाषा घडविणारा, तिचे व्याकरण प्रसिद्ध करणारा आणि त्या व्याकरणाची परीक्षा घेणारा हे तिन्ही येथे एकच आहेत, ही गोष्ट भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने विशेष ध्यानात ठेवावी. मानवी भाषांच्या बाबतीत असे कधी घडत नाही.

३. परीक्षेचे बाह्य स्वरूप

जावा भाषेच्या आवृत्त्या निघत असतात आणि परीक्षा ही नेहमी विशिष्ट आवृत्तीची असते. उदाहरणार्थ, सतराव्या आवृत्तीच्या परीक्षेत ९० मिनिटांत ५० प्रश्न सोडवावयाचे असून उत्तीर्ण होण्यास ६८ टक्के, म्हणजे ३४ प्रश्नांची अचूक उत्तरे लागतात. प्रत्येक प्रश्नास सरासरीने १०८ सेकंद मिळतात. प्रश्न पर्यायी उत्तरांचे असतात. काहींत एकाहून अधिक पर्याय बरोबर असतात. एकवीसाव्या आवृत्तीचीही स्वतंत्र परीक्षा आहे.

प्रश्नाचा नमुना बहुतांशी ठरलेला असतो. पंधरावीस ओळींचा एक उतारा दिलेला असतो आणि त्याखाली विचारलेले असते : ह्याची निष्पत्ती काय? पर्यायांत काही संख्या वा शब्द असतात, एक पर्याय ‘उतारा कंपायलर स्वीकारणार नाही’ असा असतो आणि आणखी एक ‘चालू असता अपवाद उद्भवेल’ असा असतो. उमेदवारास स्वतः एक ओळही लिहावी लागत नाही. ही लेखनाची परीक्षा नसून वाचनाची आहे.

पूर्वी ह्याच कंपनीची लेखनाचीही परीक्षा होती. सनच्या काळातील ‘डेव्हलपर’ परीक्षेत उमेदवारास एक संपूर्ण आज्ञावली रचून पाठवावी लागे आणि नंतर, ती त्याचीच आहे ह्याची खात्री पटावी म्हणून, तिच्यातील निर्णयांवर निबंधवजा उत्तरे लिहावी लागत. ती परीक्षा ओरॅकलच्या काळात नाव बदलून काही काळ चालली व पुढे बंद झाली. रचना तपासावयास जाणता परीक्षक लागतो, पर्याय मात्र यंत्रही तपासू शकते. हे लक्षात घेता दोहोंपैकी कोणती परीक्षा टिकली ह्याचे आश्चर्य वाटावयास नको.

४. व्याकरणनिर्णयाच्या तीन पातळ्या

वर दिलेल्या पर्यायांच्या रचनेत एक महत्त्वाचा भेद दडलेला आहे. आपल्या परंपरेत वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता व संनिधी ह्यांची अपेक्षा सांगितली आहे. ‘तो विस्तवाने झाडे शिंपतो’ हे वाक्य रूपदृष्ट्या निर्दोष आहे, परंतु त्यात योग्यता नाही. ‘तो विस्तवाने झाडे शिंपते’ हे मात्र रूपदृष्ट्याच सदोष आहे. दोन्ही वाक्ये त्याज्य असली तरी त्याज्यतेचे कारण एक नाही. जावाच्या परीक्षेत हाच विवेक पदोपदी करावा लागतो.

पाचास शून्याने भागावयाची आज्ञा घ्या. दोन्ही संख्या पूर्णांक असल्यास कंपायलर ही आज्ञा बिनतक्रार स्वीकारतो, कारण तिची रचना शुद्ध आहे. दोष प्रकट होतो तो आज्ञावली चालू झाल्यावर. तेच पाच दशांशचिन्हासह लिहिले तर दोषही उद्भवत नाही, आणि उत्तर ‘अनंत’ असे येते. उलट, एखाद्या कार्यात घोषित केलेल्या परंतु मूल्य न दिलेल्या चलाचा उपयोग केला तर कंपायलर उतारा तेथेच नाकारतो. हाच चल कार्याच्या बाहेर, वर्गाचा घटक म्हणून घोषित केलेला असेल तर मात्र त्यास आपोआप शून्य हे मूल्य मिळते व उतारा चालतो.

ह्याहून सूक्ष्म उदाहरण असे. ‘जोवर असत्य आहे तोवर हे कर’ अशा अर्थाची रचना केली, तर आतील आज्ञेपर्यंत कधीच पोहोचता येणार नाही म्हणून कंपायलर ती नाकारतो. परंतु ‘जर असत्य असेल तर हे कर’ ही रचना तो स्वीकारतो, यद्यपि तिच्यातील आज्ञाही कधीच पार पडावयाची नसते. तर्कदृष्ट्या दोन्हींची स्थिती सारखीच असताना हा भेद का? ‘जर’ची रचना एखादा भाग तात्पुरता बंद ठेवण्यासाठी आज्ञावलीकारांस उपयोगी पडते, म्हणून तिला जाणूनबुजून सवलत दिलेली आहे. व्याकरणात अपवाद कसे शिरतात व त्यांमागे वापरणाऱ्यांची सोय कशी उभी असते, ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण मानवी भाषांत क्वचितच हाती लागते, कारण तेथे अपवादाचा जनक आपणांस सापडत नाही.

५. विरोध, रूप आणि संदर्भ

दोन नियम एकाच वेळी लागू होत असतील तर प्रबळ कोणता, हा पाणिनीच्या व्याकरणातील केंद्रवर्ती प्रश्न आहे. त्याच्या निर्णयासाठी तेथे स्वतंत्र परिभाषा दिलेली आहे. जावातही ही अडचण उद्भवते. एकाच नावाची अनेक कार्ये असू शकतात व त्यांतील कोणते निवडावयाचे हे दिलेल्या मूल्याच्या प्रकारावरून ठरते. समजा, एका नावाची तीन कार्ये आहेत : पहिले ‘लाँग’ ह्या मोठ्या पूर्णांकाचे, दुसरे ‘इंटिजर’ ह्या वस्तुरूप पूर्णांकाचे, तिसरे कितीही पूर्णांक घेणारे. त्या नावाने साधा ‘इंट’ पाठविला तर कोणते कार्य लागू होईल? बहुतेक विद्यार्थी दुसरे सांगतात, कारण ‘इंटिजर’ नावाने जवळचे वाटते. खरे उत्तर पहिले आहे. मूळ प्रकाराचा विस्तार करून काम भागते का हे कंपायलर आधी पाहतो, त्यानंतर वस्तुरूप देण्याचा विचार करतो आणि कितीही मूल्ये घेणाऱ्या कार्याकडे अगदी अखेरीस वळतो. ही तीन पायऱ्यांची उतरंड एकदा समजली की शेकडो प्रश्न एकाच किल्लीने उघडतात. ती न समजता प्रत्येक उत्तर वेगळे पाठ करू गेल्यास स्मरणशक्ती पुरी पडत नाही.

संदर्भानुसार शब्दाची जात पालटते, हेही येथे दिसते. २०१८ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत ‘व्हार’ हा शब्द दाखल झाला. त्याच्या योगाने चलाचा प्रकार न सांगता तो कंपायलरला अनुमानाने ठरवू देता येतो. परंतु जुन्या आज्ञावलींत ‘व्हार’ हे चलाचे नाव म्हणून वापरलेले असण्याचा संभव होता. म्हणून तो पूर्णार्थाने राखीव शब्द केला गेला नाही. प्रकाराच्या नावाच्या जागी मात्र तो राखीव ठरला. परिणामी ‘व्हार’ नावाचा चल ‘व्हार’नेच घोषित करणारे वाक्य आजही शुद्ध आहे. जुन्या वापराचा मान राखून नवा शब्द रुळविणे ही भाषानियोजनाची परिचित समस्या आहे, आणि तिचे हे एक नमुनेदार उत्तर होय.

रूप व वस्तू ह्यांतील भेदाचे उदाहरण म्हणून समतेचा प्रश्न घ्यावा. दोन ‘इंटिजर’ वस्तूंत १२७ हे मूल्य आपोआप रूपांतर होऊन ठेवले व त्या जोड-बरोबरीच्या चिन्हाने ताडून पाहिल्या तर उत्तर ‘सत्य’ येते. दोहोंत १२८ ठेवले तर ते सामान्यतः ‘असत्य’ येते. कारण असे की, ते चिन्ह वस्तूंचे मूल्य ताडून पाहत नाही. वस्तू एकच आहे की नाही हे पाहते. उणे १२८ पासून १२७ पर्यंतच्या मूल्यांच्या वस्तू पुन्हा पुन्हा न घडविता एकच वस्तू वापरावी असा नियम आहे. त्यापलीकडे तशी हमी नाही. ‘तोच’ आणि ‘तसाच’ ह्या दोन मराठी शब्दांत जो फरक आहे तोच येथे आहे.

आपल्या विषयाशी अधिक निकटचा असा एक मुद्दा येथे नोंदविण्याजोगा आहे. जावाचे राखीव शब्द इंग्रजी असले तरी चलांची नावे देवनागरीत ठेवता येतात. ‘वय’ नावाचा चल घोषित केल्यास कंपायलर तक्रार करीत नाही. मात्र ‘मराठी’ ह्या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर तीन न येता पाच येते. आपण तीन अक्षरे ऐकतो. जावा म, र, काना, ठ व दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे मोजते. ‘क्ष’ची लांबी तीन भरते. अक्षर हे एकक मानून मराठी शब्दांची गणना करू इच्छिणाऱ्या संशोधकाने हे आधी जाणले नाही, तर त्याचे सर्व आकडे चुकतील आणि आज्ञावली मात्र कोठेही दोष दाखविणार नाही. परीक्षेत मराठी शब्द येत नाहीत. तथापि लांबी म्हणजे नेमके काय मोजले जाते, हे विचारण्याची सवय परीक्षेच्या अभ्यासाने लागते.

संगणक-भाषांच्या व्याकरणलेखनाशी पाणिनीचे नाव जोडण्यात केवळ स्वाभिमान नाही. आल्गोल भाषेच्या वर्णनासाठी वापरलेल्या बॅकस-पद्धतीस ‘पाणिनी-बॅकस’ असे नाव द्यावे, अशी सूचना पी. झेड. इंगरमन ह्यांनी १९६७ साली एका पत्राद्वारे केली होती. जावाचे अधिकृत व्याकरणही अशाच सूत्रमय पद्धतीने लिहिलेले आहे. सूत्रे वाचण्याची ज्याला सवय आहे त्याला हे व्याकरण परके वाटू नये.

६. तयारीची पद्धती

प्रस्तुत लेखकाने ही परीक्षा दोनदा दिली. प्रथम त्याला ५८ टक्के गुण मिळाले व तो अनुत्तीर्ण झाला. त्यापूर्वी पाच वर्षे तो मराठी क्रियापदांच्या रूपविश्लेषणासाठी जावातच आज्ञावली लिहीत होता आणि त्या व्यवस्थित चालतही होत्या. म्हणून ह्या निकालाचे त्याला आश्चर्य वाटले. विचाराअंती कारण उमगले. जी भाषा आपण सहज बोलतो तिची अशुद्ध वाक्ये आपण बोलतच नाही, आणि म्हणून ती अशुद्ध का आहेत ह्याचा विचारही कधी केलेला नसतो. शिवाय आधुनिक संपादक चूक होताच तिच्याखाली लाल रेघ ओढतात, त्यामुळे निर्णय आपण करीत नसून यंत्र करीत असते. उत्तम वक्ता व्याकरणाच्या परीक्षेत नापास व्हावा त्यातलाच हा प्रकार होता.

दुसऱ्या वेळच्या तयारीत जे उपयोगी पडले ते येथे क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे आवृत्ती निश्चित करणे. परीक्षेचा विषयविस्तार अधिकृतपणे प्रसिद्ध असतो. तो उतरवून घ्यावा आणि संगणकावर त्याच आवृत्तीची साधने ठेवावीत. बाणाच्या चिन्हाने लिहिलेली ‘स्विच’-अभिव्यक्ती चौदाव्या आवृत्तीत (२०२०), ‘रेकॉर्ड’ सोळाव्या आवृत्तीत (२०२१) व ‘सील्ड’ वर्ग सतराव्या आवृत्तीत (२०२१) कायम झाले. जुन्या पुस्तकावर विसंबून नव्या आवृत्तीची परीक्षा देणे म्हणजे लेखनविषयक जुने नियम शिकून नव्या नियमांची परीक्षा देणे होय.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे : आधी भाकीत, मग पडताळा. सूचना न देणाऱ्या साध्या संपादकात दहाबारा ओळींचा उतारा लिहावा. त्याची निष्पत्ती काय होईल ते वहीत पेनाने लिहावे, तसे का होईल हेही एका वाक्यात लिहावे आणि मगच कंपायलर चालवावा. भाकीत चुकले तर अधिकृत व्याकरणातील नियम शोधावा. उत्तर बरोबर येऊन कारण चुकीचे ठरले, तर तेही चुकलेलेच समजावे. हा शेवटचा दंडक पाळणे जड जाते, परंतु सर्व लाभ त्यातच आहे. क्षेत्रकार्यात आपण निवेदकास ‘असे म्हणता येईल का?’ असे विचारून आपले अनुमान तपासतो. येथे कंपायलर हा निवेदक आहे. तो कधी कंटाळत नाही, संकोचाने होकार देत नाही, आणि काल दिलेले उत्तर आज बदलत नाही. असा निवेदक आपल्या विषयात कोणास लाभला आहे?

तिसरी गोष्ट म्हणजे चुकांचे वर्गीकरण. चुका नुसत्या दुरुस्त न करता त्या कोणत्या जातीच्या आहेत हे नोंदवावे : नियमच ठाऊक नव्हता, नियम ठाऊक होता पण अपवाद विसरला, की दोन्ही ठाऊक असून वाचन घाईने झाले. चार महिन्यांच्या शेवटी प्रस्तुत लेखकाच्या वहीत तिसऱ्या जातीच्या चुका सर्वांत अधिक भरल्या. ह्या जातीवर अधिक पुस्तके वाचणे हा उपाय नसून, घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडविणे हा आहे. ९० मिनिटे एकाग्रतेने उतारे वाचणे ही शारीरिक सवयही आहे. चाळिसाव्या प्रश्नानंतर डोळा ओळी गाळू लागतो.

चौथी गोष्ट, शक्य असल्यास दोघांनी मिळून अभ्यास करावा. एकाने उतारा रचावा व दुसऱ्याने वाचावा. दुसऱ्यास चकविणारा उतारा रचण्यासाठी रचणाऱ्यास नियमाची कड नेमकी ठाऊक असावी लागते. दुसऱ्या प्रयत्नात लेखकास ७८ टक्के गुण मिळाले, त्यांतील पुष्कळसे श्रेय अशा चकव्यांना आहे.

७. पाठांतराचा मार्ग

प्रारंभी उल्लेखिलेले प्रश्नोत्तरांचे संच हा ह्या परीक्षांना जडलेला रोग आहे. परीक्षा देऊन आलेले उमेदवार स्मरणातून प्रश्न उतरवून देतात, त्यांचे संच विकले जातात, आणि नवे उमेदवार ते पाठ करतात. परीक्षेपूर्वी उमेदवाराने मान्य केलेल्या अटींचा ह्यात भंग होतो आणि तो उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. परंतु केवळ शिक्षेच्या भयाने हा मार्ग टाळावा, असे म्हणणे अपुरे आहे.

खरी हानी वेगळी आहे. भाषेच्या परीक्षेतील प्रश्न हा अनंत शक्य वाक्यांतून उचललेला नमुना असतो. त्या नमुन्यावरून उमेदवार न पाहिलेल्या वाक्यांविषयीही निर्णय देऊ शकेल, असे अनुमान परीक्षक करतो. नमुना आधीच पाठ असेल तर ह्या अनुमानाचा आधारच नाहीसा होतो. प्रमाणपत्रावरील अक्षरे तशीच राहतात, परंतु ती कशाचीच द्योतक राहत नाहीत. त्या विद्यार्थ्याची फजिती मुलाखतीत झाली असली, तरी त्याचे नुकसान त्याआधीच, त्या तीन आठवड्यांत, झाले होते. तेवढ्याच श्रमात त्याला नियमांची एखादी उतरंड समजली असती. तो आता पुन्हा अभ्यास करीत आहे, आणि ह्या वेळी वही घेऊन, हे नमूद करण्यास समाधान वाटते.

८. उपसंहार

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. हे प्रमाणपत्र काय सांगते? धारकाने एका भाषेच्या एका आवृत्तीतील वाक्ये वाचून त्यांच्या शुद्धाशुद्धतेचा व निष्पत्तीचा निर्णय ठरावीक वेळात, ठरावीक प्रमाणात अचूक केला, एवढेच ते सांगते. त्याला चांगली आज्ञावली रचता येते, दुसऱ्याबरोबर काम करता येते, किंवा दिलेल्या समस्येस आज्ञावलीची गरज आहे की नाही हे ओळखता येते, ह्यांपैकी काहीही ते सांगत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली शासनमान्य झाले. ते तंतोतंत पाळणारा प्रत्येक जण लेखक झाला नाही, आणि त्यांत चुकणारे लेखकही आपल्याला ठाऊक आहेत. तरीही मुद्रितशोधकास ते नियम येणे आवश्यकच असते. प्रमाणपत्राचे मूल्य ह्या मर्यादेत मापावे.

परंतु ही मर्यादा आज पूर्वीइतकी क्षुल्लक राहिलेली नाही. सांगितलेल्या कामाची आज्ञावली क्षणार्धात लिहून देणारी साधने आता विद्यार्थ्यांच्या हाती आली आहेत. त्यांनी लिहिलेला उतारा बहुधा शुद्ध असतो व अनेकदा सार्थही असतो. तो कोठे फसला आहे हे ओळखण्याचे काम मात्र वाचणाऱ्याकडेच राहते. ‘मराठी’ची लांबी पाच धरून शब्दगणना करणारी आज्ञावली यंत्राने लिहून दिली तर ती कंपायलर स्वीकारील, ती चालेल, आकडेही देईल, त्या आकड्यांवर प्रबंध उभा राहील. तिला अडविणारा कोणी असेल तर तो सावधपणे वाचणारा मनुष्यच होय. लेखन सोपे झाल्याने वाचनाची जबाबदारी वाढली आहे, आणि ही परीक्षा, तिचा हेतू काहीही असो, वाचनाची आहे.

म्हणून विभागातील विद्यार्थ्यांस असा सल्ला द्यावासा वाटतो : नोकरीच्या जाहिरातीत मागणी असेल तर प्रमाणपत्र अवश्य मिळवावे, नसेल तर त्यावर पैसे खर्च करण्याचे कारण नाही, परंतु तयारी मात्र दोन्ही परिस्थितींत करावी. वही, साधा संपादक व कंपायलर एवढ्या सामग्रीवर ती घरबसल्या करता येते आणि तिला शुल्क पडत नाही. सल्ला देणाऱ्या आम्हां शिक्षकांनीही, कोणत्याही परीक्षेचे नाव विद्यार्थ्यापुढे उच्चारण्यापूर्वी, तिच्या प्रश्नपत्रिकेचा एखादा नमुना स्वतः सोडवून पाहावा. त्यात अनुत्तीर्ण होण्याचा योग आला तर तोही उपयोगी पडतो, हे प्रस्तुत लेखक अनुभवाने सांगू शकतो.